‘फक्त पंधरा दिवस ठेवाल का?’ नागपुरात रेस्क्यू कुत्र्याला ‘फोस्टर’ करणं म्हणजे नेमकं काय?

नागपुरातल्या प्राणीप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. फोटो बदलतो, एरिया बदलतो, मजकूर साधारण तोच. वय आठ महिने, रंग तपकिरी, अपघातातून वाचवलेला, लसीकरण झालेलं, माणसांवर जीव टाकणारा आणि ‘खूप एनर्जेटिक’. दत्तक घर मिळेपर्यंत कुणी पंधरा दिवस ठेवून घेईल का?

खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. दहा जण ‘शेअर केलं’ म्हणून कळवतात. जागा मात्र कुणाकडेच नसते.

या मेसेजमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘एनर्जेटिक’ हा आहे. ज्यांनी असं कुत्रं सांभाळलंय त्यांना त्याचा अर्थ न सांगता कळतो. ते चपला चावतं, पाहुण्यांच्या छातीवर पाय ठेवतं आणि रात्री अकरा वाजता सोफ्यापासून किचनपर्यंत सुसाट फेऱ्या मारतं. बाकी त्याच्यात काही खोट नसते. अडचण एवढीच की दोन महिन्यांच्या गोंडस पिल्लाला घर लवकर मिळतं, शांत झालेल्या मोठ्या कुत्र्यालाही कधीमधी मिळतं, पण या मधल्या वयाचं कुत्रं अडकून पडतं. त्याच्यासाठी ‘फोस्टर’, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंतचं तात्पुरतं घर, हा बऱ्याचदा एकमेव रस्ता असतो.

आणि नागपुरात हा रस्ता गेल्या काही वर्षांत जास्तच गरजेचा झाला आहे. त्याचं कारण कोर्टाच्या आदेशांमध्ये आहे.

नागपूरपासून सुरू झालेला वाद

२० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मोकाट कुत्र्यांबद्दलच्या एका याचिकेवर आदेश दिला आणि त्याची चर्चा देशभर झाली. नागपुरात सार्वजनिक ठिकाणी कुत्र्यांना खाऊ घालायचं नाही, असं कोर्टाने सांगितलं. ज्यांना घालायचंच आहे, त्यांनी आधी त्या कुत्र्याला दत्तक घ्यावं, घरी न्यावं, महापालिकेकडे नोंद करावी किंवा त्याला निवारागृहात ठेवावं. आदेश मोडल्यास २०० रुपयांपर्यंत दंड.

महिनाभरात, १६ नोव्हेंबर २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने यातल्या दत्तक घेण्याच्या सक्तीला स्थगिती दिली. खाऊ घालणाऱ्याने कुत्रं घरी नेलंच पाहिजे, असा आग्रह धरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं होतं. त्याच वेळी महापालिकेने खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात, असंही सांगितलं.

पण ‘एवढं प्रेम आहे तर घरी घेऊन जा’ हे वाक्य तेव्हापासून नागपुरातल्या प्रत्येक सोसायटीच्या भांडणात ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे, थोडा राग आहे, आणि एक मोठी चूक आहे. रस्ता आणि कायमचं घर यांच्यामध्ये काही नसतंच, असं ते वाक्य गृहीत धरतं.

२०२५ मध्ये हाच विषय दिल्लीमार्गे पुन्हा आला. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री निवारागृहात हलवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ते बदललं: नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच सोडायची, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळून. याच आदेशात दत्तक घेण्याची वाटही दिली आहे. इच्छुकाने महापालिकेकडे अर्ज करायचा, कुत्र्याला टॅग लावून ते ताब्यात द्यायचं आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्ज करणाऱ्याची.

मग ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आला, आणि तो देशभरासाठी होता. शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडा संकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवायची आणि नसबंदीनंतरही परत त्याच जागी सोडायची नाहीत. नागपुरापुरतं बोलायचं तर मेडिकल, मेयो, गणेशपेठचं बस स्थानक, मुख्य रेल्वे स्टेशन ही सगळी ठिकाणं यात येतात. तिथल्या कुत्र्यांसाठी ‘नसबंदी करून मूळ जागी परत’ हा पर्याय बंद झाला. उरलं निवारागृह किंवा कुणाचं तरी घर. भांडेवाडीला महापालिकेचं नसबंदी केंद्र आहे, काही संस्थांचे निवारे आहेत, पण निवाऱ्यातला पिंजरा एका कुत्र्याने अडवला की तो रिकामा व्हायला किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो. फोस्टर घराचा पहिला फायदा इतका साधा आहे: एक पिंजरा मोकळा होतो आणि पुढचं जखमी कुत्रं आत येऊ शकतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला फोस्टरची गरज नसते. गल्लीत चार वर्षं काढलेलं, नसबंदी झालेलं, दोन-तीन घरांतून पोळी मिळणारं कुत्रं आपल्या जागी बरं असतं. त्याला टू-बीएचकेमध्ये कोंडणं ही त्याच्यासाठी शिक्षाच. फोस्टर लागतं ते आईविना पिल्लांना, ऑपरेशननंतर बरं होणाऱ्यांना, मालकाने सोडून दिलेल्यांना, आणि ज्यांना जायला परत जागाच उरली नाही त्यांना.

आठ महिन्यांचं कुत्रं एवढं दांडगट का असतं?

आधी हे लक्षात घ्या की ते आठ महिन्यांचं झालं, हेच विशेष आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’मधल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फक्त १९ टक्के पिल्लं सातव्या महिन्यापर्यंत जगली. जितकी मेली त्यातल्या ६३ टक्के मृत्यूंमागे या ना त्या प्रकारे माणूस होता: गाडीखाली येणं, मारहाण, विष, उचलून नेणं.

वाचलेलं पिल्लू मग वयात येतं आणि गाडी घसरते. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी मार्गदर्शक म्हणून तयार होणाऱ्या कुत्र्यांवर अभ्यास केला. पाच महिन्यांचं असताना सांभाळणाऱ्याचं ऐकणारं कुत्रं आठ महिन्यांचं झाल्यावर त्याच माणसाचं ऐकेनासं होतं, आणि गंमत म्हणजे परक्या माणसाचं तेव्हाही ऐकतं. घरात दहावीतला मुलगा असलेल्या आईवडिलांना यावर वेगळं स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. हा टप्पा संपतो, असंही त्या अभ्यासात दिसलं. पण बरेच लोक तोवर थांबत नाहीत. कुत्रं ‘बिघडलं’ म्हणून नेमकं याच वयात ते सोडलं जातं.

फोस्टर घरात या वयाला वेळ मिळतो. दुसरं म्हणजे कुत्र्याचा खरा स्वभाव कळतो. पिंजऱ्यात दिवसभर भुंकणारं कुत्रं घरात पंख्याखाली लोळत पडतं, असं अनेकदा होतं. याला आधार देणारी आकडेवारीही आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पाच निवारागृहांतल्या २०७ कुत्र्यांना एक-दोन रात्री घरी नेऊन पाहिलं गेलं. त्या काळात त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, कमी झालं आणि परत आल्यावर ते आधीच्या पातळीवर गेलं, त्याहून वर नाही. ‘चार दिवस घर दाखवून परत पाठवणं जास्त क्रूर’ हा जो नेहमीचा आक्षेप असतो, त्याला हे बऱ्यापैकी उत्तर आहे. त्याच गटाच्या २०२३ च्या अभ्यासात थोडे दिवस घरी राहून आलेल्या कुत्र्यांना दत्तक घर मिळण्याची शक्यता सुमारे १४ पट जास्त दिसली. अमेरिकेतलं निवारागृह आणि भांडेवाडी यांच्यात फरक आहे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. कारण मात्र इथेही तेच लागू पडतं. घरातले फोटो येतात, ओळखीतल्या चार लोकांना कुत्रं प्रत्यक्ष भेटतं, आणि ‘लहान मुलांशी कसं वागतं?’ या प्रश्नाला कुणीतरी पाहून उत्तर देऊ शकतं.

नागपूरच्या घरात हे जमवायचं कसं?

सगळ्यात पहिली चूक लाडातून होते. कुत्रं आलं त्याच संध्याकाळी शेजारी, भाचरं, मित्र सगळे बघायला येतात. त्याला त्या दिवशी हवा असतो फक्त एक कोपरा. एक खोली किंवा बाल्कनीलगतची जागा, गोधडी, पाण्याचं भांडं, आणि कुणी अंगचटीला न येणं. ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा एक नियम रेस्क्यूवाले सांगतात. तीन दिवसांत भीती ओसरते, तीन आठवड्यांत रुळतं, तीन महिन्यांत घरचं होतं. हा अनुभवातून आलेला ठोकताळा आहे, घड्याळ लावून बसायचा नियम नव्हे.

घरात आधीचं कुत्रं असेल तर किमान दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवायचं. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन्ही आजार बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यात मुरत असू शकतात. पार्व्होचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्महिने टिकतो. ज्या घरात नुकतंच पार्व्होचं पिल्लू होतं, तिथे लस न झालेलं दुसरं पिल्लू न्यायचं नाही, मग ग्रुपवर कितीही विनवण्या होवोत. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यापासून देता येते. ती झाल्याचं कार्ड हातात घेतल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. तपासणीसाठी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना हा शहराला मोठा आधार आहे. राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरात असण्याचा हा फायदा सामान्य माणसाच्या फारसा लक्षात येत नाही.

मग प्रश्न येतो त्या एनर्जीचा. अनेकांना वाटतं, खूप पळवलं की थकेल. दोन-तीन दिवस थकतं. नंतर त्याचा दम वाढतो आणि तुमचा संपतो. धावण्याइतकंच वास घेणं कामाचं आहे. वीस मिनिटांच्या फेरीत प्रत्येक खांबापाशी थांबू दिलं, तर कुत्रं तासभर ओढत नेल्यापेक्षा शांत होऊन येतं. घरात जुन्या टॉवेलात पोळीचे तुकडे गुंडाळून द्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात खाणं लपवा, ते फाडू द्या. हाताने कुस्ती खेळू नका, कारण आज गंमत वाटणारा तो चावा उद्या दत्तक घ्यायला आलेल्या आजींच्या हातावर बसतो. अंगावर उडी मारली की पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर असले की कौतुक करायचं. घरातल्या सगळ्यांनी हे एकसारखं करायला हवं. एकाने रागवायचं आणि दुसऱ्याने हसायचं, असं झालं की कुत्रं हसणाऱ्याचंच शिकतं. आणि झोप विसरू नका. रात्रीच्या त्या सुसाट फेऱ्या कित्येकदा जास्त शक्तीच्या नसतात, दिवसभर झोप न मिळाल्याच्या असतात. चिडचिड्या बाळासारखंच हे.

वेळापत्रक मात्र नागपूरचं ऊनच ठरवतं. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तेवढं रोज नसलं तरी एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत दिवसा फेरी मारायचा विचारच सोडायचा. पहाटे साडेपाच आणि रात्री आठनंतर. डांबरावर हाताचा मागचा भाग सात सेकंद ठेवता येत नसेल तर पंजेही ठेवता येणार नाहीत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच थंड होतं. दांडगं कुत्रं तर स्वतःहून थांबतही नाही, चेंडू फेकत राहिलात तर पडेपर्यंत धावेल. जास्त धापा, गडद लाल हिरड्या, चिकट लाळ, लडखडणं दिसलं की सावलीत घ्या, साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि थेट डॉक्टरकडे.

कूलरबद्दल वेगळं सांगावं लागेल. नागपुरात कूलर नाही असं घर सापडणं कठीण, आणि लोंबणारी वायर हे या वयाच्या कुत्र्याचं आवडतं खेळणं. ओल्या फरशीवर चावलेली वायर म्हणजे काय, हे लिहायची गरज नाही. वायर पाइपात घाला किंवा उंच बांधा, प्लग हाताशी ठेवा. तसंच गच्चीचं. जानेवारीत ‘ओ काट’चा कल्ला सुरू असताना वर मोकळं सोडलेलं कुत्रं पतंगामागे कठड्यावरून झेपावू शकतं, आणि नायलॉन मांजा पायात अडकला तर कापत जातो. दिवाळीच्या आठवड्यात तर नवीन कुत्र्याला पट्ट्याशिवाय दारातही उभं करू नये. फटाक्याने बिथरून पळालेलं, अजून घराचा पत्ताही न कळलेलं कुत्रं शोधणं फार अवघड. सुरुवातीला कॉलर आणि हार्नेस दोन्ही घालून दोन्हीला पट्टा लावायचा. गावठी कुत्र्याचं डोकं निमुळतं असतं, घाबरलं की कॉलरमधून सहज निसटतं. ॲक्टिव्हाच्या पायदानावर बसवून फिरवणं रीलमध्ये छान दिसतं, वर्धा रोडवर नाही.

आणि रविवारच्या सावजी रश्श्यातली हाडं द्यायची नाहीत. शिजलेलं हाड आत जाऊन टोकदार तुटतं, कांदा-लसूण त्यांना बाधतो. भात, उकडलेलं अंडं किंवा चिकन, मीठ-मसाल्याशिवाय, किंवा संस्थेने दिलेलं खाणं, एवढं पुरे.

कायद्याच्या नजरेत फोस्टर कोण?

‘कुत्रं माझं नाही, मी फक्त ठेवलंय’ असं फोस्टर करणारे सहज म्हणतात. कायदा असं मानत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात ‘मालक’ या शब्दाची व्याख्या मुद्दाम रुंद आहे. त्या वेळी ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, तोही त्यात येतो. म्हणजे पंधरा दिवसांपुरतं का होईना, अन्नपाणी, निवारा आणि उपचार ही तुमची जबाबदारी. कंटाळून त्याला दुसऱ्या वस्तीत सोडून आलात तर तो त्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे, हे वाचून हसू येईल. १९६० साली ठरलेली ही रक्कम अजून तीच आहे.

चावण्याचा मामला जास्त गंभीर. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ ‘ताब्यातल्या’ प्राण्याबद्दल निष्काळजी राहणाऱ्याला लागू होतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दांडगं कुत्रं लिफ्टमध्ये मोकळं सोडून मोबाइल बघणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. कुणाला दात लागलाच तर कुत्र्याचं लसीकरण झालं असो वा नसो, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्यायची. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या. शेजारी घाबरतो तेव्हा तो प्राणीद्वेष्टाच असतो असं नाही. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे. पण हा कागद पहिल्याच दिवशी सेक्रेटरींच्या तोंडावर फडकवण्यापेक्षा लसीकरणाचं कार्ड दाखवून, किती दिवस कुत्रं राहणार हे सांगून आलेलं बरं. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची परवानगी आधी घ्या, लेखी असली तर उत्तम.

‘पंधरा दिवस’ किती दिवसांचे असतात?

बऱ्याचदा पंधराचे नसतात. मोठ्या गावठी कुत्र्याला घर मिळायला महिने लागू शकतात. म्हणून ‘हो’ म्हणण्याआधी संस्थेशी किंवा ते कुत्रं वाचवणाऱ्याशी चार गोष्टी लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना: औषधपाण्याचा खर्च कोण देणार, नसबंदी कोण आणि कधी करणार, तुम्हाला गावाला जावं लागलं तर कुत्रं कुठे जाणार, आणि ठरलेली मुदत संपली की ते परत घेणार कोण. या शेवटच्या प्रश्नावर जो गप्प होतो, त्याच्याकडून कुत्रं घेऊ नये. हे कठोर वाटेल, पण ‘नंतर बघू’ म्हणून दिलेलं कुत्रं शेवटी फोस्टर करणाऱ्याच्या गळ्यात पडतं, आणि तो माणूस पुन्हा कधीच दार उघडत नाही.

काही जणांचा त्या कुत्र्यावर एवढा जीव जडतो की ते त्याला ठेवूनच घेतात. याला गमतीने ‘फोस्टर फेल’ म्हणतात. त्या कुत्र्यासाठी ती आनंदाचीच बातमी. फक्त ग्रुपवरच्या यादीतलं एक घर त्या दिवशी कमी होतं.

बाकीच्यांसाठी निरोपाचा दिवस येतो. घ्यायला येणाऱ्याचं घर आधी पाहून यावं: गेट किती उंच आहे, दिवसभर घरात कोण असतं, साखळीने बांधून राखणदार करायचा विचार तर नाही ना. ‘खूप प्रेमळ आहे’ एवढंच सांगून कुत्रं देऊ नये. हेल्मेट घातलेल्या माणसावर भुंकतं, एकटं ठेवलं तर दहा मिनिटांनी दार ओरबाडतं, केळं आवडतं, झाडू दिसला की पलंगाखाली जातं, हे सगळं सांगावं. दांडगेपणा लपवून दिलेलं कुत्रं आठवड्यात परत येतं. दत्तक करारात लसीकरण, नसबंदी यांच्यासोबत एक अट हवीच: जमलं नाही तर कुत्रं रस्त्यावर सोडायचं नाही, दुसऱ्याला परस्पर द्यायचं नाही, ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडेच आणायचं. सोबत त्याची जुनी गोधडी द्या, न धुता. पहिल्या दोन-तीन रात्री ते कुत्रं दाराकडे तोंड करून बसेल, आणि नव्या घरातून रात्री बाराला फोन येईल की जेवत नाहीये. तो फोन उचलायचा असतो.